पद्मिनी, अवंती आणि आंबेनळीचा उतार

सावित्री नदी महाबळेश्वरात उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत हरिहरेश्वर-बाणकोटच्या मधल्या खाडीतून समुद्राला मिळते. महाबळेश्वरची उंची साधारण १,३५० मीटर. पोलादपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम वर. म्हणजे काही कोसांच्या अंतरात हे पाणी सुमारे १,३०० मीटर खाली येतं. उंचीवरच्या पाण्यात जी ऊर्जा साठलेली असते ती वाटेत कुठेतरी खर्च व्हावीच लागते. नदी ती कातळावर आपटून, दगडगोटे घासून, फेस करून खर्च करते.

त्याच खोऱ्याच्या कडेकडेने आंबेनळी घाटाचा रस्ता उतरतो. महाबळेश्वर ते पोलादपूर साधारण ४० किलोमीटर. इंग्रज अमदानीत याला फिट्झगेराल्ड घाट म्हणत. प्रतापगडाच्या पायथ्याचं वाडा कुंभरोशी याच वाटेवर लागतं. या रस्त्याने उतरणारी मोटारही नदीइतकीच उंची गमावते, आणि तिलाही ती ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. तिला कातळावर आपटायची मुभा नाही. ती ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. ती कुठून आणि कशी पडते, आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवतं, या एका प्रश्नावर जुनी गाडी आणि नवी गाडी यांची तुलना मला करायची आहे.

जुन्या आणि नव्या गाड्यांची तुलना बहुतेक वेळा वेगावर होते. शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, सर्वाधिक वेग किती. आंबेनळीत किंवा महाडहून भोरला जाणाऱ्या वरंध घाटात या आकड्यांचा काही उपयोग नाही. तिथे पुढच्या वळणावर एसटी आहे की बैलगाडी हेही दिसत नाही. घाट गाडीची ताकद विचारत नाही, तिची सहनशक्ती विचारतो. चढताना इंजिनाची, उतरताना ब्रेकची.

तुलनेसाठी मी दोन गाड्या घेतल्या आहेत आणि दोन्ही आपल्या राज्यातल्या आहेत. एक मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. दुसरी पुण्याकडे तयार झालेली डीसी अवंती. एक नाव चितोडच्या राणीचं, दुसरं उज्जैनच्या प्राचीन राज्याचं. दोन्ही गाड्या एकाच दिवशी घाटात आणून शर्यत लावलेली नाही. आपण त्या कागदावर आणि मनात चढवू, मग उतरवू. भौतिकशास्त्राचे नियम कागदावरही तेच राहतात.

आधी पद्मिनीची कुळकथा. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद हे मुळात बांधकामातले माणूस. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे खोदण्याचं काम त्यांच्या कंपनीने केलं होतं, त्यामुळे सह्याद्रीचा कातळ त्यांना चांगला ठाऊक होता. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झालं. पन्नाशीच्या दशकातली गोलसर फियाट लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. साठीच्या दशकात आली चौकोनी, टोकदार कडांची ११०० डिलाइट. तीच गाडी काही काळ ‘प्रेसिडेंट’ म्हणवली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. विसावं शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत झाली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून ही टॅक्सी गेली. त्या दिवशी अनेकांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले, ते मला योग्यच वाटलं. लाखो लोकांच्या रोजच्या जगण्यात इतकी वर्षं राहिलेली दुसरी वस्तू शोधायला वेळ लागेल.

तिचं इंजिन १,०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. याच मापांचं इंजिन फियाटने १९३७ मध्ये बाजारात आणलं होतं. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आराखड्याची छाया आपल्या डोळ्यांदेखत, टीव्ही रंगीत झाल्यावरही, घाट चढत होती. ताकद साधारण ४० अश्वशक्ती. रिकाम्या गाडीचं वजन सुमारे ८९५ किलो. ताकद मागच्या चाकांना. चारही चाकांना ड्रम ब्रेक. चार गिअर आणि गिअरची दांडी बहुतेक वर्षं स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेली.

अवंतीची कथा लहान आहे. मोटारींचे आराखडे करणारे दिलीप छाब्रिया यांनी ती २०१२ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दाखवली. दोन आसनांची, जमिनीलगत बसलेली, इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. विक्रीला आलेल्या गाडीत रेनॉचं १,९९८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, २५० अश्वशक्तीचं. गिअर सहा. वजन दीड टनाहून थोडं जास्त. ती फार थोड्या संख्येने बनली. भारतात स्पोर्ट्स कार घडवायचा प्रयत्न याआधीही झाला होता. सॅन स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची दोन आसनी गाडी नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली होती. पण तिचं इंजिन १,१४९ सीसीचं, ताकदीने साध्या गाडीचंच. आपल्या मातीत घडलेली खऱ्या अर्थाने ताकदवान स्पोर्ट्स कार म्हणून अवंतीचं नाव घ्यावं लागतं.

एका लिटरच्या मापात पद्मिनीचं इंजिन ३७ अश्वशक्ती देतं, अवंतीचं १२५. फरक साडेतीन पटींच्या आसपास. तो कुठून आला ते चढावर कळतं.

पोलादपूर सोडलं की थोड्याच वेळात रस्ता डोंगराला भिडतो. चार माणसं आणि सामान धरून पद्मिनीचं वजन १,२०० किलो होतं असं समजू. शंभर मीटरला आठ मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने चढायला चाकांशी साधारण १२-१३ अश्वशक्ती लागते. पद्मिनीकडे ४० आहेत. मग ती घाटात का दमते? ताकद कमी पडते म्हणून नाही. ती तापते म्हणून.

पेट्रोलच्या इंजिनात जळलेल्या इंधनाचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेला तीन-चतुर्थांश उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर पडायला बघतो. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना समोरून भरपूर वारा येतो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते, इंजिन जोर लावत असतं आणि वारा नसतो. जुन्या गाडीचा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला. वळणावर इंजिन मंदावलं की पंखाही मंदावतो. नेमकी जेव्हा हवा हवी तेव्हा ती कमी मिळते.

त्यात आणखी एक गोष्ट. उंचीवर पाणी लवकर उकळतं. महाबळेश्वराच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळी घेतं. म्हणून रेडिएटरला दाब धरणारं झाकण असतं, प्रेशर कुकरच्या शिटीसारखं. झाकणाची रबरी वॉशर कडक झाली की दाब सुटतो आणि वाफेचा लोट बॉनेटमधून वर येतो. नव्या गाडीत ही सगळी व्यवस्था बंदिस्त असते. पाण्यात कूलंट मिसळलेलं, दाब जास्त, त्यामुळे उकळबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. पंखा विजेवर चालतो आणि इंजिन किती फिरतंय याच्याशी त्याचा संबंध राहत नाही. गाडी बंद केल्यावरही तो कधी कधी घुमत राहतो. त्या आवाजाने नवखा माणूस घाबरतो, पण ती गाडी स्वतःची काळजी घेत असते.

पेट्रोलचंही तसंच. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण, त्यातले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला, टाकीतून पेट्रोल ओढून घेणारा. पंप तापला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. गाडी गचके देत बंद. यावरचा उपाय घाटातल्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला ठाऊक होता. बॉनेट उघडायचं, फडकं झऱ्याच्या पाण्यात भिजवून पंपावर ठेवायचं आणि थांबायचं. फडक्यातून आधी वाफ निघते. मग कडेने थेंब ठिबकायला लागतात. ते ठिबकणारं पाणी बोटाला कोमट लागलं की पंप थंड झाला असं समजायचं. पाच-दहा मिनिटं लागतात. मग हाताने पंपाची छोटी दांडी दाबून पेट्रोल वर चढवायचं आणि स्टार्टर मारायचा.

अवंतीत हा प्रसंग येत नाही, कारण पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, दाबाने पुढे ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी वाफ होत नाही. पुढे इंजेक्टर ते मोजून फवारतो, आणि किती फवारायचं हे संगणक हवेचं तापमान, दाब आणि धुरातला प्राणवायू बघून ठरवतो. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरला उंचीचं भान नसतं. महाबळेश्वरी हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ. तितकी ताकद कमी होतेच, शिवाय हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं आणि धूर काळसर होतो. अवंतीचा टर्बो त्याच धुराच्या जोरावर एक पाती फिरवून हवा कोंबतो. विरळ हवा असेल तर तो थोडा अधिक जोरात फिरतो आणि बरीचशी तूट भरून काढतो. साडेतीन पटींच्या त्या फरकात टर्बोचा वाटा फार मोठा आहे.

इथे अवंतीची एक अडचणही सांगितली पाहिजे. इंजिन सीटच्या मागे म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला. गाडीचा तोल त्यामुळे सुरेख राहतो, वळणावर वजन मधोमध असतं. पण त्या कोंदट जागेतली उष्णता बाहेर काढायला बाजूला मोठे झरोके, नळ्या आणि पंखे करावे लागतात. पद्मिनीचं बॉनेट उघडलं की सगळी यंत्रणा समोर. अवंतीत ती झाकलेली, पाठीमागे. उष्णता दोघींनाही आहे. एक ती उघड्यावर दाखवते, दुसरी लपवून हाताळते.

आता उतार. माझ्या मते खरी तुलना इथे आहे.

१,२०० किलोची भरलेली पद्मिनी १,३०० मीटर खाली येते तेव्हा दीड कोटी ज्यूलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. ही सगळी उष्णता पाण्यात घातली तर सुमारे ४८ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळेल. म्हणजे जवळजवळ तीन हंडे. अवंती दोन माणसांसह १,७०० किलो धरली तर तिच्या वाट्याला याच्या चाळीस टक्के जास्त उष्णता येते. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. नवी, गोजिरवाणी, चपळ दिसणारी गाडी जुन्या पेटीसारख्या गाडीहून जड आहे, आणि उतारावर जडपणाच मोजला जातो.

ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये जात नाही. टायर रस्त्यावर दबतात-सुटतात त्यात बरीच मुरते, हवेच्या अडथळ्यात काही जाते, इंजिन गिअरमध्ये ठेवलं तर तेही मोठा वाटा उचलतं. समजा ड्रायव्हरने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि निम्मी ऊर्जा ब्रेकवर आली. सव्वा तासाच्या उतारात ती सरासरी पावणेदोन किलोवॉट होते, म्हणजे न्हाणीघरातल्या गिझरपेक्षा किंचित कमी. सव्वा तास न थांबता चालू ठेवलेला गिझर, आणि तो चार लोखंडी डब्यांत कोंडलेला. चारही ड्रमचं मिळून वजन २५ किलो धरलं आणि उष्णता बाहेर जायला वाटच नसती, तर त्यांचं तापमान साडेसहाशे अंशांनी वाढलं असतं. प्रत्यक्षात वारा बरीचशी उष्णता नेतो. पण तीव्र उताराच्या पट्ट्यात, वळणावळणाला पाय ब्रेकवर असताना, वाऱ्याचा हात आखडतो.

ड्रम ब्रेक म्हणजे फिरणारा बिडाचा डबा. आतून दोन अर्धगोल पट्टे, ज्यांना आपण ब्रेक शू म्हणतो, बाहेरच्या दिशेने फाकतात आणि डब्याच्या भिंतीला घासतात. रचना हुशार आहे. फिरणारा डबा एका शूला स्वतःच ओढून घट्ट करतो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. पण डबा तापला की फुगतो आणि भिंत शूपासून दूर जाते. मग पेडल अधिक खाली न्यावं लागतं. लायनर फार तापलं की त्यातून वायू सुटतो, घर्षण कमी होतं आणि पाय दाबूनही गाडी धरत नाही. सगळ्यात वाईट अवस्था त्यानंतरची. ब्रेकच्या तेलात वर्षानुवर्षं हवेतला दमटपणा मुरलेला असतो आणि कोकणात दमटपणाला तोटा नाही. डॉट ३ दर्जाचं ताजं तेल २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं तेल १४० अंशांनाच. तेल उकळलं की नळीत वाफ. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन तळाला जातं.

डिस्क ब्रेक उघडा असतो. फिरणारी लोखंडी थाळी, दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरणारे पॅड. थाळी तापून फुगली तर पॅडपासून दूर जात नाही, पॅडच्याच दिशेने येते. मोठ्या थाळ्यांच्या पोटात हवेच्या खाचा असतात, त्या पंख्यासारख्या हवा फेकतात. म्हणून जास्त वजन घेऊनही अवंती उतारावर शांत राहते. तिच्याकडे पडणारी उष्णता जास्त, पण ती टाकण्याची जागा त्याहून मोठी.

वेगाचा हिशेब मात्र कुणालाही माफ नाही, कारण त्यात वेगाचा वर्ग होतो. पद्मिनी एका वळणाआधी ४५ वरून २५ वर आली तर तिच्या ब्रेकमध्ये साधारण ६५ हजार ज्यूल उष्णता पडते. अवंती ९० वरून ३० वर आली तर पावणेपाच लाख. वळण एकच, उष्णता सातपट. डिस्क कितीही मोठी असली तरी प्रत्येक वळणावर सातपट उष्णता टाकत गेलं तर तिचीही सीमा येते. ताकदवान गाडीत वेग कळत नाही. काच बंद, आसन घट्ट, आवाज मागून येणारा. पद्मिनीत पन्नासलाच दारं बोलायला लागतात.

म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. मला गाडी शिकवणाऱ्या काकांनी हा नियम क्लच शिकवण्याआधी सांगितला होता. खालच्या गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन उतारावर चाकांकडून फिरवलं जातं. थ्रॉटल बंद असल्याने ते हवा ओढताना धापा टाकतं आणि त्या धापांत ऊर्जा खर्च होते. उष्णता ड्रमऐवजी इंजिनातून आणि रेडिएटरमधून जाते, जिथे ती बाहेर टाकायची मोठी व्यवस्था आहे. या एका सवयीने ब्रेकवरचा निम्म्याहून अधिक भार उतरतो.

पण खालचा गिअर टाकणं पद्मिनीत सोपं नव्हतं. तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. सिंक्रोमेश म्हणजे पितळेची छोटी शंकूच्या आकाराची कडी. ती दोन फिरत्या चक्रांचे वेग आधी जुळवते आणि मग दाते एकमेकांत बसवते. ती नसेल तर हे जुळवण्याचं काम ड्रायव्हरच्या पायांनी करायचं. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक हलका झटका द्या, पुन्हा क्लच दाबा आणि दांडी सरकवा. हा डबल क्लच. इंजिनाचा आवाज एका विशिष्ट सुरावर आला की दांडी लोण्यातून सुरी जावी तशी जाते. सूर चुकला की दाते करकरतात आणि मागच्या सीटवरची सगळी माणसं ड्रायव्हरकडे बघतात. समोर वळण, उजवीकडे दरी, समोरून चढणारी एसटी आणि डावा हात स्टिअरिंगच्या दांड्यावर. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम, त्यामुळे थांबायचंही आहे.

अवंतीत सहाही गिअर सुरळीत पडतात. नव्या गाड्यांत चाक अडकून घसरायला लागलं तर एबीएस ब्रेक सेकंदाला अनेकदा सोडतं-धरतं. पाय एकदाच दाबून ठेवायचा, बाकी गाडी बघते. हे तंत्र १९७८ साली जर्मनीत मोटारीत आलं आणि भारतात सर्व नव्या मोटारींना ते २०१९ मध्ये सक्तीचं झालं. किती जीव वाचले असतील याची गणती कुणी करू शकणार नाही. जुन्या गाड्यांवर माझं प्रेम आहे, तरी माझ्या घरच्या माणसांना पावसाळ्यात आंबेनळी उतरायची असेल तर मी त्यांना एबीएस असलेल्या गाडीतच बसवीन.

कारण पाऊस. या भागात तो कसा पडतो हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. ओल्या रस्त्यावर पद्मिनीचे अरुंद टायर, जेमतेम सव्वापाच इंचांचे, पाणी कापत जातात. अवंतीचे रुंद टायर कोरड्या रस्त्यावर जळवेसारखे धरतात, पण साचलेल्या पाण्यावर वेगाने गेले तर पाण्याच्या थरावर तरंगू शकतात. पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचे काही ब्रेक लागतच नाहीत. म्हणून ओढा ओलांडला की हलका ब्रेक दाबून गाडी थोडी चालवायची, शू वाळवायचे. डिस्क मात्र पहिल्या फेऱ्यांतच पाणी झटकून टाकते.

आणि काही वेळा गाडीच्या हातात काहीच नसतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि अंधारात त्यावर आलेल्या एसटी गाड्याही गेल्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत सहलीची बस दरीत कोसळली, एकच जण वाचला. जुलै २०२१ च्या पुरात महाड पाण्याखाली गेलं आणि तळिये गावावर डोंगर कोसळला. गाड्यांच्या तुलनेत हे लिहिताना हात थबकतो. पण या रस्त्यांवर ब्रेक आणि टायरची चर्चा करायची तर ती हे लक्षात ठेवूनच करावी.

मुद्द्यावर येतो. पद्मिनीत उष्णतेचा हिशेब माणूस ठेवत होता. तापमानाचा काटा, पेडलची खोली, जळक्या लायनरचा तिखट वास, गिअरचा सूर, पंपावरचं फडकं, सगळं त्याच्या पंचेंद्रियांवर होतं. अवंतीत तोच हिशेब गाडीच्या आत, सेन्सर आणि संगणक ठेवतात. म्हणून या दोन गाड्यांची नुसती गाड्या म्हणून तुलना अपुरी राहते. एका बाजूला पद्मिनी आणि तिचा ड्रायव्हर मिळून एक यंत्र. दुसऱ्या बाजूला अवंती एकटीच बहुतांश यंत्र. दुरुस्तीतही हेच. पद्मिनीचा प्लग काढून पुसता येतो, पॉइंटमधली फट पातळ पत्र्याने मोजता येते, महामार्गाकडेच्या टपरीवजा गॅरेजात ती उभी करता येते. अवंतीला स्कॅनर लागतो, आणि थोड्या संख्येने बनलेल्या कोणत्याही गाडीच्या सुट्या भागांचा शोध घेणं हे वेगळंच काम.

हा सगळा हिशेब हळूहळू रस्त्यावरूनच नाहीसा होतो आहे. पोलादपूर आणि खेडच्या मधला कशेडी घाट मुंबई-गोवा रस्त्यावरच्या पिढ्यांनी भोगला. तिथे आता बोगदा झाला आहे. २०२३ च्या गणेशोत्सवाआधी त्याची एक बाजू हलक्या वाहनांसाठी उघडली. चाकरमान्यांची घाटातली रांग टळली, आणि ही मोठी सोय आहे. डोंगर चढून उतरण्यात जी ऊर्जा जात होती ती आता मुळात साठतच नाही. बोगद्यात पद्मिनी आणि अवंती यांच्यातला फरक फक्त आवाजाचा.

आंबेनळीला मात्र अजून बोगदा नाही. कधी त्या घाटाने उतरलात तर पोलादपुरात गाडी सावलीला लावा आणि चहा सांगण्याआधी चारही चाकांपाशी एकदा वाका. हात लावू नका, नुसता तळवा जवळ न्या. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त गरम असतील, कारण ब्रेक दाबताना वजन पुढे येतं. डावं-उजवं सारखं लागलं पाहिजे. एक चाक गरम आणि त्याच्या जोडीचं गार असेल तर गार चाकाचा ब्रेक काम करत नाही, किंवा गरम चाकाचा सुटत नाही, तो गॅरेजात दाखवा. आणि तापलेल्या चाकावर बाटलीतलं पाणी ओतू नका. बीड तडकतं. वाऱ्याने निवू द्या.